बाहेरचं

माझ्या धाकट्या भावाले एचआयव्ही आहे, हे घरात फक्त मले माहीत होतं. त्यानंच सांगितलं होतं, आईची शपथ घालून. सरकारी दवाखान्यातून तो गोळ्या आणे, चुपचाप खाई, अन् रायपूरच्या गोल बाजारातल्या दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवे. सारं ठीक चाललं होतं. मग कंटाळला म्हणा की घाबरला म्हणा, त्यानं गोळ्या सोडल्या. मले पत्ताही लागू दिला नाही गधड्यानं.

उन्हाळ्यात त्याचं डोकं फिरलं. गिऱ्हाइकं आपल्यावर पाळत ठेवून राहिली म्हणे, पंख्यातून माणसं बोलून राहिली म्हणे. मालकानं घरी पाठवून दिलं. एका सकाळी गेटवर उभा राहून तो साऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाईल असा ओरडला, "मले एचआयव्ही आहे! या, पाहून घ्या!" ज्या गोष्टीसाठी मले शपथ घातली, तीच! पण विश्वास कोण ठेवते? शेजारची काकू डोळे पुसत म्हणाली, "बिचारा, काय काय बरळून राहिला." अन् आई म्हणाली, "हा माझा पोट्टा नाही बोलत. त्याले बाहेरचं लागलं."

बाहेरचं म्हणजे आमच्यात भूतबाधा. त्यात माणसाचा काही दोष नसते. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मीठ-मिरच्या ओवाळल्या, आपल्या ताटातला घास भरवला. अभनपूरकडचा झाडफूक करणारा बैगा अंगारा देऊन गेला. मी दवाखान्याचं नाव काढलं की आई म्हणे, "तुले काय कळते त्यातलं?" इकडे पोट्ट्याले ताप चढून राहिला होता, बोलता बोलता तो शब्द विसरे. शेवटी मी ऑटो आणला अन् दोघांनाही आत कोंबलं.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "पहले से कोई बीमारी?"

आईनं आपल्या हिंदीत ठोकून दिलं, "नहीं मैडम. इसको बाहर का हो गया है."

"बाहर का? क्या खा लिया बाहर?"

"खाया नहीं. लगा है."

बाईनं मान हलवली अन् पोट बिघडलं समजून सलाईन लावायले सांगितली. मले हसू आलं, खरंच आलं. अन् मग ध्यानात आलं, की हा या सलाईनवरच मरते आता. गेली चुलीत शपथ! मी म्हटलं, "मैडम, इसको एचआयव्ही है. दवाई छोड़ दी है."

आई माझ्याकडे वळली. "तू पण?" म्हणाली. तिले वाटलं, मलेही लागलं.

मग धावपळ सुरू झाली. रक्त तपासलं, अन् एचआयव्हीच आहे हे बाईनं आईले समोर बसवून सांगितलं. पाठीतून पाणी काढून तपासलं, इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलं होतं. अजून उशीर केला असता तर हाती लागला नसता, असं बाई म्हणाली. इलाज लांबला, पण हळूहळू पंख्यातली माणसं गप्प झाली. पोट्टा शुद्धीवर येऊन घरी आला.

घरी आता त्याचं ताट वेगळं, गिलास वेगळा, चादर वाळवायची दोरीही वेगळी. आई दुष्ट नाही हो. त्याच्यासाठी रडते, उपास करते, अन् पोळी मात्र वरूनच टाकते. सोबत जेवल्यानं काही होत नाही, हे सांगून सांगून मी थकली. भूत होतं तोवर तिनं त्याले मांडीवर घेतलं होतं, हे आठवलं की मले तिचा असा राग येते, की बोलायची सोय नाही.

परवा जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, काहून सांगितलं तू? भूतच राहू द्यायचं होतं."

माझं डोकं सणकलं. "नसतं सांगितलं तर मेला असता ना तू!"

"हव," तो म्हणाला, अन् आपलं ताट आपणच उचलून घासायले गेला.