डब्यांच्या क्रमाने

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी घरी आले ती पिशवीत पुस्तक घेऊन. पुस्तक म्हणजे अजून पुस्तक नव्हतंच. सुट्ट्या झेरॉक्स पानांचा गठ्ठा, वर रबर. चित्रांमधून सांगितलेली गोष्ट. नववीत शाळा सुटलेली एक मुलगी खानदेशातून पुण्याला जाते आणि तिथं टिकून राहायचा प्रयत्न करते. मुलगी मीच. नाक तेवढं मोठं काढलं होतं, कोणी विचारलं तर "ही मी नाही" म्हणता यावं म्हणून.

पुण्यात मी नवऱ्या मुलींच्या हातावर मेंदी काढते. एकीला तळहातावर नवरदेव नको होता, तिचा कुत्रा हवा होता. नवरदेवाला कोपराजवळ जागा मिळाली. एकीला ज्या उड्डाणपुलाखाली त्याने लग्नाचं विचारलं तो पूल हवा होता. पूल अर्धवट बांधून पडला होता, तर म्हणाली, अर्धाच काढ. अशा घरांत जायचं म्हणजे गेटवर आधी माझा फोटो काढतात आणि वर विचारतात, ही तुमच्याकडेच आलीय का? वरून कोणी 'हो' दाबेपर्यंत मी कोणाचीच नसते. पहिल्या वर्षी त्या दोन मिनिटांत माझ्या हातांना घाम सुटायचा आणि वर गेल्यावर मेंदीचा कोन घसरायचा.

राहायला सहा जणी, एक खोली, एक बादली. मालकीणबाई रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकतात आणि त्याखाली गीझरची वेळ.

यातलं काही सांगायला कोणी नव्हतं म्हणून मी काढत गेले. दर पानावर एक गोष्ट मात्र ठरलेली: डबा. माय जळगावला संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीत डबा ठेवते, सकाळी ड्रायव्हरचा फोन येतो, "ताई, तुमचं जेवण आलं, पुलाखाली या." माझ्या चित्रात डब्याला हातपाय होते. तो हायवेच्या कडेला कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभा असायचा.

एका नवऱ्या मुलीला मेंदी वाळेपर्यंत करमेना, म्हणून मी फोनमधली ही चित्रं तिच्यापुढे धरली. हसता हसता तिने डावा हात साडीला पुसला. माझा जीव गेला. ती म्हणाली, "तो हात परत काढ गं, पण आधी पुढचं पान दाखव." ती पुस्तकं छापणाऱ्यांकडे कामाला होती. त्या ताईचं माझ्यावर केवढं ऋण आहे ते मी तिला अजून नीट सांगू शकलेले नाही. छापायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "घरच्यांना दाखवून ये. त्यात तेही आहेत."

माझे वडील, आबा, जळगावच्या पिंप्राळ्यात रिक्षा चालवतात. फोनवर त्यांनी एवढंच म्हटलं, "घेऊन ये. बघतो. मग पुस्तकाचं ठरवू, आणि तुझंही." भुसावळचं एक स्थळ आलेलं होतं. म्हणजे आबांना पानं पटली नाहीत तर माझं पुणं संपणार होतं.

आमचं मूळ धुळ्याकडचं, त्यामुळे घरात आखाजी जोरात. लग्न झालेल्या मुली सासरहून येतात, झोके बांधतात, झोक्यावर सासरच्या तक्रारी गातात आणि बाया हसतात. माझं लग्न नाही, तरी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "काय व, तुनं पुण्याचं सासर कसं शे?"

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर बिबडे घालायचे होते. ज्वारीचा गरम घाटा ओल्या लुगड्यावर पाण्याच्या हाताने गोल पसरायचा आणि उन्हात पापडासारखा वाळवायचा. मी गठ्ठा कठड्यापाशी ठेवून मायला मदत करत होते. काकूंनी रबर काढला. वारा आला. पानं गच्चीभर झाली, दोन तर ओल्या बिबड्यांवर जाऊन चिकटली. बायांनी धावून गोळा केली, हाताला लागतील तशी एकावर एक ठेवली, आणि गोळा करता करता बघूही लागल्या.

"हाई काय शे? सहा पोरी आनि एक बादली?"

"हाऊ वॉचमन इले आत येऊ देत नही का?"

"व माय, आंडेरना भलता हाल करतस तठे!" आंडेर म्हणजे लेक; ती मीच.

मी म्हणाले, "काकू, ते हसण्यासाठी आहे."

"सासरचं रडगाणं हसतच गातस, बाई. आम्हालेच शिकाडस का?"

तिथंच माझं अवसान गेलं. पुण्यात ज्या पानांवर माणसं खो खो हसली होती त्यावर माझ्या गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून च् च् करत होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या चुकत होत्या असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना.

आबा दुपारी जेवायला आले. जिन्याच्या सावलीत बसून त्यांनी गठ्ठा वरून खाली, एकेक पान, सावकाश पाहिला. मी समोर उभी. शेवटचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"शेवटी पोरगी बॅग घेऊन स्टँडवर रडतेय. असं संपतं?"

"ते पहिलं पान आहे, आबा. वाऱ्याने क्रम गेला."

"आकडे नाहीत पानांवर?"

"राहिले टाकायचे."

"क्रम कसाही लाव," आबा म्हणाले, "बादली एकच ना? जिथं पोरीचे हाल होतात तिथं आपल्यात परत पाठवत नाहीत. भुसावळवाल्यांना रविवारी बोलावतो." ताट बाजूला सारून ते हात धुवायला गेले.

मायने पानं उचलली, वाळलेल्या लुगड्याच्या कडेला बसली आणि एकेक पान वर खडा ठेवून मांडायला लागली. मायला वाचायला वेळ लागतो. बोलण्याच्या फुग्यांकडे तिने पाहिलंच नाही. ती डबा बघत होती.

"हाई भरीतनं. थंडी व्हती. हाई आधी." मग, "यामा मांडे शेत. मांगली आखाजी." मग बिबडे, मग कळण्याच्या भाकरीचं पीठ. कोणत्या डब्यातून काय धाडलं ते तिला पाठ होतं आणि मी ते चित्रात जसंच्या तसं काढलं होतं. माझ्या दोन वर्षांची रांग गच्चीवर लागत गेली.

मांडता मांडता तिचा हात थांबला. एक पान उरलं होतं. त्यात मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, कानाला फोन. एकच फुगा: हो, जेवले.

"यामा डबा नही."

चातुर्मासात लग्नं नसतात, मेंदी नसते. पहिल्या चातुर्मासात मीच मायला सांगितलं होतं की मुली गावी गेल्यात, डबा नको पाठवू, वाया जाईल. मुली कुठंच गेल्या नव्हत्या. डबा वाटून खाल्ला की त्याही आपापलं काढून पुढे ठेवत, आणि महिनाअखेरीला खर्चात टाकायला माझ्याकडे मात्र पैसे नव्हते, याची लाज वाटत होती. हे पान मी का काढलं आणि गठ्ठ्यात का ठेवलं, मला सांगता येणार नाही.

"ह्या टाईमले काय खादं?"

"चहा... बिस्किटं," मी म्हणाले.

जिन्यावर आबांची चाहूल लागली. मायने ते पान घाट्याच्या परातीखाली सरकवलं आणि हात पदराला पुसला.

आबांनी रांग पाहिली. आता त्यांना पायात चपला न घालता, उन्हात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत बघावं लागलं. सुरुवातीला मुलगी स्टँडवर रडते. डबा एकटी खाते. मग दोघी खातात, मग सहा. मालकीणबाई बिबडे मागून नेतात आणि त्या दिवशी गीझर दोन वेळा लागतो. शेवटच्या पानावर वॉचमन फोन न काढताच म्हणतो, "जाऊ द्या, या डबेवाल्या ताई." आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की तळवे भाजत होते, देव जाणे.

"सगळी पानं आली का?"

"बठ्ठं आलं," माय म्हणाली.

"मग आकडे टाक," आबा मला म्हणाले. "छापणाऱ्याकडेही वारा असेल."

रविवारी भुसावळचं कोणी आलं नाही.

पुस्तक आता छापायला गेलंय. त्यात ते एक पान नाही. परातीखालून मायने ते कधी काढलं, कुठं ठेवलं, मी विचारलं नाही. निघताना तिने डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला, एवढंच. तिनेच मला परत पाठवलं, आणि कशात पाठवतेय हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. त्या विचाराने मला कधी कधी काम करताना मध्येच थांबावं लागतं.

दर रविवारी तिचा फोन येतो. आधी विचारायची, "जेवनी का?" आता विचारते, "काय जेवनी?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहते. लग्नांचे मुहूर्त परत संपत आलेत. फोन यायच्या आधी मी काहीतरी शिजवून ठेवते.