गोठ्याची कडी

बसच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर ड्रायव्हरने घरामागे गोठा बांधायला घेतला, तोही गवंडी न लावता. गाभण म्हैस महिन्याभरात विणार होती. त्याआधी तिच्या डोक्यावर छप्पर हवं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने खांब रोवले, पत्रे चढवले, गव्हाण बांधली. पण घर थोडंच गप्प बसतं? आज नळ गळे, उद्या पायरी खचे. ती कामं तो उरकत असे. स्वयंपाकघराच्या दाराची मोडकी कडी मात्र राहून जाई. दोरीने बांधलेलं ते दार ढकलून कुत्रं दोनदा दूध पिऊन गेलं होतं.

"उद्या बसवतो," तो म्हणे.

"तुमचा उद्या काही उजाडत नाही," बायको म्हणे.

गोठ्याला दार लागलं, त्यावर आतबाहेरून लागणारी नवी कोरी कडी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हैस घेऊन आला, तर दार आतून बंद आणि फोडणीचा वास!

"अगं, हे काय चाललंय?"

"स्वयंपाक. इथं कुत्रं येत नाही."

"मग म्हैस कुठं बांधू?"

"बांधा की माझ्या स्वयंपाकघरात. दोरी आहेच तिथं!"

ड्रायव्हरने म्हैस झाडाला बांधली आणि निमूटपणे पेचकस आणला. दुपारपर्यंत गोठ्याची कडी निघून स्वयंपाकघराच्या दारावर बसली आणि बायको भांडी घेऊन घरात परतली.

संध्याकाळी म्हैस गोठ्यात शिरली. तिच्या दाराला दोरी बांधत तो म्हणाला, "उद्या बसवतो."

म्हैस काही बोलली नाही.