नसलेल्या सालीचा इंच

गोंदिया स्टेशनाजवळच्या लाकडाच्या टालावर मी मोजणीला होतो. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळायची, तिची चौपदरी घडी करायची आणि घडीच्या लांबीतून सालीपोटी एक इंच वजा करायचा. उरलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं, मग ओंडक्याच्या फुटांतल्या लांबीनं, आणि एकशे चव्वेचाळीसनं भागलं की निघाले घनफूट. हात इतका बसला होता की डोक्याला कामच पडत नसे, आणि त्याचीच मला घमेंड होती.

एका उन्हाळ्यात गोरेगावकडचा एक म्हातारा गोंड शेतकरी मेव्हण्याच्या बैलगाडीतून बिजा नावाच्या इमारती झाडाचा ओंडका घेऊन आला. त्याच्या जोडीतला एक बैल मेला होता. भाताच्या रोवणीच्या आत दुसरा घ्यायचा, म्हणून बांधावरचं एकुलतं एक झाड त्यानं गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या परवानगीनं पाडलं होतं.

मी दोरी ओढली. घडी भरली बारा इंच. "एक वजा, अकरा!" मी ओरडलो. कारकुनानं लिहून घेतलं.

"साल तं मी घरीच काढलो जी," म्हातारा म्हणाला. "मंग वजा काऊन करून राहिले?"

"बाबा, इथली रीत आहे. मागं गाड्या खोळंबल्यात," मी खेकसलो. ओंडक्याकडं धड पाहिलंही नाही. त्यावर टालाच्या मालकाचा, शेठचा ठप्पा बसला आणि पैसे घेऊन तो गेला.

दुपारी शिदोरी सोडायला मी नेमका त्याच ओंडक्यावर टेकलो. हाताला गुळगुळीत लाकूड लागलं. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, अकरा अकरे एकशे एकवीस. म्हाताऱ्याचं जवळजवळ सहावा हिस्सा लाकूड मी बुडवलं होतं. शिदोरी तशीच बांधून शेठला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "ठप्पा लग गया, बात खतम."

गुरांच्या बाजाराच्या दिवशी पगारातले रुपये घेऊन मी गोरेगाव गाठलं. म्हातारा एका बैलाचं दावं धरून उभा होता. बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. तेवढ्या पैशांत तोच मिळाला होता.

"बाबा, चूक माझी," म्हणत मी रुपये पुढं केले.

त्यानं हात मागं घेतला. "तुमी कायले देता जी? चूक माहीच. सालीचे पैसे सेठापासून कायले घ्याचे, म्हणून मीच सोललो." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या खेपी साल ठेवूनच आणीन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या बांधावर दुसरं झाड नव्हतं.