देऊळ नदीकडून बघायचं

गाडी सोसायटीच्या फाटकाशी लागली होती. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीतली माणसं डबे, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे स्वेटर सांभाळत चढत होती, आणि ज्यांनी ही सहल ठरवली ते संपतरावच तेवढे खाली यायचे राहिले होते. "आलेच, बूट घालतायत," असं त्यांचा मेहुणा गाडीच्या दारातून सांगत होता, तोच दुसऱ्या मजल्यावरून लीलावहिनींची हाक आली. हाक कसली... ती अजून कानातून जात नाही. आम्ही धावत वर गेलो. त्यांचे यजमान, आमचे संपतराव, दाराशीच भिंतीला टेकून बसले होते. एकाच पायात बूट होता. शेजारच्या विंगमधले डॉक्टर आले, त्यांनी छाती दाबून पाहिली, नाडी पुन्हा पुन्हा बघितली आणि मान हलवली. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

याला आता काही आठवडे झाले, तरी लिहिताना हात अडतो. आदल्या संध्याकाळी हा माणूस माझ्याकडे चहा पिऊन गेला होता. "उद्या गाडीत झोपायचं नाही, खिडकीतून बघायचं," असा दम देऊन गेला होता. आणि सकाळी नाहीच? कसं शक्य आहे?

संपतराव न्हावा शेव्याच्या बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते. दिवसभर कंटेनरची कागदपत्रं, शिक्के, ट्रकवाल्यांची कटकट. पण माणूस मूळचा कृष्णाकाठचा, वाईच्या खालच्या अंगाच्या एका लहान गावचा, आणि जीव सगळा तिकडे. आमच्या सोसायटीतली निम्मी घरं साताऱ्याकडचीच. एका गणपतीत त्यांनी माझ्या मुलाला सहज विचारलं, "तुझं गाव कुठल्या नदीवर रे?" मुलगा म्हणाला, "नदीवर नाही काका, हायवेवर आहे. ढाब्याच्या मागे." आम्ही सगळे हसलो. संपतराव हसले नाहीत. तेव्हापासून त्यांनी धोशाच लावला, एकदा सगळ्यांना घेऊन जायचं आणि आपला जिल्हा नदीच्या कडेनं दाखवायचा. मग जिन्यात भेटोत नाहीतर भाजी घेताना, त्यांची कृष्णा सुरू. "महाबळेश्वरावरून समुद्र केवढा जवळ! पण ही बाई समुद्राकडं पाठ करून पूर्वेला निघाली, म्हणून आपल्या ताटात भाकरी आली." संगमावर महादेवच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अहो, दोन्ही काठांच्या गावांना भांडायला आणि भांडण मिटवायला एक जागा नको का?" लढायांवरून जिवंत परतलेल्या सरदारांनी हे घाट कसे बांधले, देवळांच्या पायासाठी दगड कुठून आला, सगळं ते असं सांगत, जणू परवाच गवंड्यांना चहा देऊन आलेत. गाडी दिली ती गावठाणातल्या पाटीलकाकांनी. त्यांची भातशेती नवी मुंबई वसवताना गेली, आता दोन बसगाड्या आहेत. ते म्हणाले, "आमचा गावदेव पन खाडीवरच हाय. बगू तरी तुमचा नदीवरचा देव कसा हाय तो."

त्या सकाळी जिन्यात सगळे नुसते उभे होते. वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्यांना गावाला न्या." कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावच्या सरपंचांकडे निरोप दिला. अॅम्ब्युलन्स आली, तिच्यात मेहुणा बसला. बसचा ड्रायव्हर दबकत म्हणाला, "मग मी गाडी परत नेऊ?" पाटीलकाका त्याच्यावर कडाडले, "परत न्याची नाय. जिथं जायची व्हती तिथंच जाईल!" लहान मुलांना घेऊन दोन-तीन जणी उतरल्या, बाकी आम्ही सगळे, सहलीला निघालेली माणसं, त्याच सीटवर बसून मयताला निघालो. डब्यांतल्या पुऱ्यांचा वास गाडीभर येत होता. एकानंही डबा उघडला नाही.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या, शेजारी माझी बायको. पुणं मागे पडलं. नीरेचा पूल आला आणि त्या सपाट आवाजात म्हणाल्या, "ही नीरा. इथनं आपला जिल्हा लागला." आम्ही दचकलो. बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वहिनी, नका बोलू. पडा जरा." "नाही, हे ते इथंच सांगणार होते," वहिनी म्हणाल्या. खंबाटकीच्या घाटात त्या पुन्हा बोलल्या. "या डोंगराच्या मागचं पाणी नीरेत जातं, पुढचं कृष्णेत. दोन्ही फार लांब जाऊन भेटतात..." आमच्यातल्या कुणालाही मान वर करून बघवेना. या बाईला नद्यांतलं एवढं ठाऊक असेल, असं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गावी, नदीकाठच्या देवळाजवळ सगळं उरकलं. आंघोळ करून आम्ही पुरुषमाणसं त्यांच्या घराच्या अंगणात परतलो, तर वहिनींनी मला आत बोलावलं.

"भाऊजी, देऊळ बघितलं?"

"दिसलं."

"कुठनं?"

"समोरून. घाटाच्या पायऱ्यांवरून."

"नदीकडनं बघून या. गाडी थांबेल."

ओल्या कपड्यांनी आम्ही चौघं-पाचजण परत गेलो आणि पात्रातल्या गोट्यांवरून देवळाच्या मागे आलो. समोरून ते कुठल्याही चार देवळांसारखं देऊळ. मागून मात्र त्याची दगडी भिंत दोन्ही बाजूंनी निमुळती होत एका धारेला येऊन मिळाली होती. त्या धारेवर पुराच्या गाळाच्या रेघा, एकीवर एक. पाटीलकाकांनी दगडाला हात लावला. "ही तर होडीची नाल हाय, पानी कापनारं तोंड," ते हळूच म्हणाले. "पूर आला का दोनी बाजूंना फाटून जातो." तिथं उभं असताना मला पहिल्यांदा खरं वाटलं, की संपतराव गेले. सकाळपासून कोरडा राहिलेला मी तिथं रडलो.

परवा वर त्यांच्या घरी जाऊन वहिनींना भेटून आलो. न राहवून विचारलं, त्या दिवशी हे सगळं तुम्हाला कसं सांगता आलं? त्या स्वयंपाकघराकडे बघत राहिल्या. "सहलीआधी महिनाभर ते रोज इथं ओट्याला टेकून सगळं बोलून बघायचे," त्या म्हणाल्या. "लोकांपुढं अडखळायला नको म्हणून. माझं लक्ष असायचंच असं नाही हो, मी आपली भाकरी थापता थापता हं, हं करायची." मग म्हणाल्या, "अजून करते. पिठात हात असला की मधेच तोंडातून जातं, हं... आणि मग मीच दचकते."