राजाच्या कपाळावरचं कुंकू

मस्कतहून पहिल्यांदा सुटीवर आलो तेव्हा बनियनला आतून शिवलेल्या खिशात रियालच्या नोटा होत्या. त्यांची मला इतकी धास्ती होती की विमानात जेवतानाही एक हात छातीवरच होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "सीने में दर्द है क्या?" मी म्हणालो, थोडा थोडा. खोटंही नव्हतं ते.

सातवीत शाळा सोडून मी हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो, तिथल्या मिस्त्रीच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो आणि त्या वेल्डिंगनेच मला समुद्रापार नेलं. त्या मिस्त्रीचे उपकार मी कसे फेडणार? पगार ड्राफ्टने घरी यायचा आणि घरातच जिरायचा. या नोटा मात्र मी वेगळ्या बाजूला टाकत आलो होतो, एकाच कामासाठी. मायला समुद्र दाखवायचा होता.

तिचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या समुद्रपुराकडचं. जन्मभर तोंडात ते नाव, पण तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वेणा नदी. माझ्या पत्रांतून तिने ऐकलं होतं की मी राहतो तिथे रस्ता संपला की पाणी सुरू होतं आणि पुढे काहीच नसतं. "काहीच नाई म्हणजे कसं?" असं तिने शेजारच्या मास्तरणीकडून मुद्दाम लिहून विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मला पत्रात देता आलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर पैसे बदलण्याची खिडकी होती. भाव लिहिलेला होता. पण आमच्या घरी कापसाचा एक नियम होता. बाप हयात असताना सांगायचा, "पहिल्या बोलीले माल देल्ला, त समज ठकला." मी खिडकीवरून पुढे गेलो. बाहेर एकाने कानाशी येऊन खिडकीपेक्षा चढा भाव सांगितला, तेव्हा मात्र मी इतका घाबरलो की पेटी उचलून जवळजवळ पळालोच. अशा रीतीने दोन बोल्या नाकारून मी सगळा माल घरी घेऊन आलो.

घरी नोटा मायच्या हातात दिल्या आणि आंघोळीला गेलो. परत आलो तर देवापुढच्या ताटात नोटा पसरलेल्या. प्रत्येक नोटेवर त्या देशाच्या राजाचं चित्र होतं आणि प्रत्येक राजाच्या कपाळावर हळदकुंकवाचा टिळा.

पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला की माय त्याला हळदकुंकू लावायची. नव्या बैलाला लावायची, नव्या पाट्यालाही लावायची. हे मला ठाऊक होतं. तरी नोटा तिच्या हातात देताना ते डोक्यात आलं नाही.

"माय, हे काय केलं?"

"काऊन? घरी पाहुणा आला त टिळा लावत नाई का आपण? अन् हा त राजा हाये म्हणते."

"डाग पडलेली नोट बँक घेत नाई."

"आपल्या नोटीवर लोकं पेनानं हिशोब करते, नावं लिहिते. त्या चालते. मंग कुंकवानंच का होते?"

ती रात्र मी नुसताच पडून होतो. सुटी मोजकी, आणि समुद्राची सगळी वाट त्या टिळ्यांवर येऊन अडलेली.

हिंगणघाटच्या बँकेत रोखपालाने एक नोट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि शेजारच्याला हाक मारली. तो आला, मग तिसरा आला. शेवटी मॅनेजर साहेबही केबिनमधून उठून आले. सगळे एका नोटेभोवती असे उभे राहिले, जसं बाळ पाहायला घरात माणसं जमतात. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी फार मोठं खिशात घालून आणलं आहे.

"आम्हीबी पहिल्यांदाच पाहून राह्यलो," रोखपाल म्हणाले. "पण हे नागपूरच्या मोठ्या शाखेतच होईल. अन् हे लाल लाल साफ करून नेजो, भाऊ."

नागपूरला माय सोबत निघाली. देवापुढे लावलेला टिळा घरात पुसायचा नाही, असं तिचं म्हणणं. टिळे तिने लावले होते, त्यामुळे जबाब तिलाच द्यायचा होता.

त्या शाखेत भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर देशांची नावं आणि पुढे आकडे. आम्ही उभे असतानाच एका माणसाने टेबलावरचा फोन ठेवला, उठून एक आकडा पुसला आणि दुसरा लिहिला. कोणी भांडलं नाही, कोणी विचारलंही नाही. मी पाहतच राहिलो. तिकडे उन्हात तापलेल्या पाइपाशी मी वाकून काम केलं, त्या दिवसांची किंमत इथे खडूने लिहिली जात होती. लिहिणाऱ्याने मला कधी पाहिलं नव्हतं. पाण्याच्या दोन्ही काठांवरच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी त्या कागदावर विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासावर आमच्या घरची चूल पेटत होती. आजही त्याचा विचार करताना माझं डोकं थांबतं.

माय हळूच म्हणाली, "इथंबी ग्रेडर असते का?"

"तसंच समज."

ती एकदम गंभीर झाली. कापसात डागी कवडी निघाली की ग्रेडर मालाची प्रत कशी खाली पाडतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

काउंटरवरच्या साहेबांनी नोटा पसरल्या. "हे लाल काय आहे?"

मी बोलायच्या आत माय म्हणाली, "टिळा हाये. राजा घरी आल्ता."

मागे रांग होती. त्यातला एक जण हसत म्हणाला, "मावशी, मंग राजानं ओवाळणी काय टाकली?"

"पोराचा पगार टाकला. अजून का टाकाची?"

साहेबही हसले, पण मान हलवून म्हणाले, "मावशी, डाग असलेली नोट आम्ही पुढे पाठवली तर ती परत येते. मी तरी काय करू?"

"कोरडं कुंकू होतं, साहेब. पाणी नाई लावलं म्या. पुसून पाहू का?"

त्यांनी नोटा परत सरकवल्या. वेळ दिला, एवढंच केलं त्यांनी, पण ते फार होतं. माय बाकावर बसली. वाती वळायला ती कापूस नेहमी पिशवीत ठेवायची. त्याचा बोळा करून तिने एकेका राजाचं कपाळ पुसायला घेतलं. घासलं नाही. झोपलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं, वरून खाली. कापूस लाल होत गेला. मी शेजारी उभा होतो आणि माझ्या हातांना काही कामच नव्हतं.

साहेबांनी एकेक नोट उजेडाकडे धरून पाहिली. बहुतेक घेतल्या. कुंकू निघालं होतं, पण काहींवर हळदीचा पिवळा ठसा राहिला होता. त्या तेवढ्या परत केल्या. "या तिकडेच चालवा," ते म्हणाले.

नागपूरचा भाव विमानतळापेक्षा थोडा चढा निघाला. बाहेर आल्यावर हिशोब केला तर दोघांच्या येण्याजाण्याच्या भाड्यात तो फायदा गेला होता. मी खट्टू झालो.

"काऊन तोंड पाडून राह्यला?" माय म्हणाली. "खडूनं लिहिते तो माणूस त पाह्यला नं आपण."

वर्ध्याहून रात्रीची गाडी धरून आम्ही मुंबईला गेलो. समुद्राच्या काठाशी माय वाळूत उभी राहिली. लाट यायची, ती लुगडं वर धरून मागे व्हायची, पुन्हा पुढे यायची. तिने डोळ्यांवर हात धरून पाणी जिथे संपेल असं वाटतं तिथे पाहिलं.

"खरंच काहीच नाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "याच्याच पल्याड तू राह्यतं?"

"हो."

"म्हणजे हे पाणी तुयाबी पायाले लागत असन."

मी नुसती मान हलवली.

तिने पिशवीतून हळदकुंकू काढलं, वाकून पाण्याला वाहिलं. लाट ते घेऊन गेली. मग पदराच्या गाठीतून परत आलेल्या पिवळ्या नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "याईले त्याईच्या घरी नेजो. टिळा लावून पाठोले म्हणून सांगजो."

मस्कतला परतल्यावर त्यातली एक नोट मी किराणा दुकानात दिली. दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, गल्ल्यात टाकली आणि पीठ मोजू लागला. नोट राजासकट चालली होती. मी पिशवी उचलली आणि खोलीवर जाण्याआधी रस्ता संपतो तिथपर्यंत गेलो. चपला काढल्या आणि पाण्यात उभा राहिलो.