बारा चिठ्ठ्या आणि काष्टीची घोंगडी

पुण्यातल्या आमच्या प्रदर्शनासाठी काष्टीच्या नामदेवकाकांकडून बारा घोंगड्या आणायला मी स्वतःच निघाले. सोबत बारा छापील चिठ्ठ्या होत्या: ‘आदिवासी हस्तकला’. शब्द मीच निवडला होता आणि अगदी मानाचा निवडलाय, अशी माझी समजूत होती.

चौफुल्याला मिसळ हाणून, दौंडवरून काष्टी गाठायला गाडीने दोन-अडीच तास लागतात. बाजाराच्या दिवशी जाणार असाल तर लवकर निघा. उशीर झाला की जनावरांच्या टेम्पोंतून वाट काढताना नाकी नऊ येतात.

काकांचा माग घरातच आहे. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. काकू ताणलेल्या सुतावर कुंच्याने चिंचोक्याची खळ फिरवत होत्या. मी चिठ्ठ्या काढल्या. काकांनी एक वाचली आणि माग थांबवला.

“ताई, आमी आदिवासी न्हाई. सणगर हाय, घोंगड्या विननारी जात.”

मी ओशाळले. “मग ‘धनगरी घोंगडी’ लिहू?”

“झालं! आगीतून फुफाट्यात,” काकू हसल्या.

काका हसले नाहीत. “आदिवासी काय, धनगर काय, कुनी कमी न्हाई. पन ज्याचं काम त्याच्या नावानं. माझ्या बापानं जल्मभर विनलं आन् लोक म्हनायचे, धनगराची घोंगडी.”

लोकर घेऊन आलेले बिरूबा धनगर ओट्यावर चहा पीत होते. आता वादावादी होणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, “मेंढरं आमची, कातरनी आमची. पर मला त्या खड्ड्यात बसवलं तर साधा टावेल बी व्हनार न्हाई!”

भाकरी-ठेचा खाऊन मी बारा नव्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या: ‘लोकर धनगरांची, खळ आणि विणकाम सणगरांचं’. खाली काका-काकूंची नावं घातली. काकांनी एकेक चिठ्ठी वाचली. मग आतून वडिलांनी विणलेली जुनी घोंगडी आणली. विकायची नव्हती, नुसती मांडायची होती. तिच्यासाठी तेरावी चिठ्ठी लिहिली.

प्रदर्शनात बाराच्या बारा घोंगड्या गेल्या. तेरावी परत पोचवेपर्यंत माझ्या घरी आहे. काल शेजारच्या वहिनींनी तिच्यावरून हात फिरवत विचारलं, “धनगरी का हो?”

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी मोठ्याने वाचलं, “विणकर सखाराम सणगर, काष्टी.”

माझ्याच वडिलांचं नाव घेतल्यासारखी माझी मान ताठ झाली.