सँडविचचं भरीत

राऊळमावशी केलेला पदार्थ कधी चाखत नसत. देवाचा नैवेद्य आधी चाखायचा नाही, हे आपल्या सगळ्यांच्याच घरी असतं. मावशींनी तो नियम चहापासून चटणीपर्यंत सगळ्यालाच लावला होता. पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वासच सांगता, मीठ पोचला काय नाय ता." वाढण्याआधी दुसऱ्या कुणी चमचा घातला, तर ते उष्टं. एकदा माझ्या भावानं खिरीत बोट बुडवलं, तर मावशींनी अख्खं पातेलं मागच्या तबेल्यातल्या म्हशींना घातलं आणि पुन्हा दूध आटवायला बसल्या.

गोरेगावच्या बैठ्या चाळीत आमची भिंतीला भिंत होती. संपानंतर राऊळकाकांची गिरणी उघडलीच नाही. काका दिवसभर दारात बसून रस्त्याकडे बघत राहायचे. मग मावशींनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत सँडविचची गाडी टाकली, मी टायपिस्ट होते त्याच कारखान्याच्या फाटकाशी. लांब दांड्याच्या साच्यात शेगडीवर भाजलेलं, चटणी-बटाटा-बिटाचं सँडविच. रोजचं माप हाताला पाठ, त्यामुळे न चाखताही कधी चुकलं नाही. पण फाटकाबाहेरच्या गाड्या उठवणार अशी बोलवा सुरू झाली. कारखान्याचं कॅन्टीन मिळालं तर मावशी मुंबईत राहणार, नाहीतर कुडाळकडचं गाव. मधलं काही नव्हतं.

आमच्या मॅनेजरसाहेबांच्या बाईंना ते सँडविच फार आवडायचं. त्यांच्याकडे पार्टी ठरली. बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचं सँडविचच करा, पण ब्रेड बाहेर. आतलं सगळं एका भांड्यात, वर चीज घालून ओव्हनमध्ये भाजा. लोक टोस्टच्या तुकड्यानं उचलून खातील. त्याला डिप म्हणतात." साहेब म्हणाले, पार्टी झकास झाली तर कॅन्टीनचं नक्की करू. मावशींनी मान डोलावली आणि फाटकाबाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "म्हंजे सँडविचाचा भरीत गो चेडवा!" चेडू म्हणजे मुलगी; मला त्या तशीच हाक मारायच्या. हे सगळं मी जुळवून आणलं होतं. मी चाळभर मिरवत होते.

पार्टीच्या दिवशी साहेबांकडे न्यायला आमच्या वहिनीच्या रुखवतातला गोल ओव्हन माळ्यावरून निघाला. मावशींनी बटाटे कुस्करले, कांदा-सिमला मिरची परतली, मैदा-दुधाचा दाट सॉस केला, चटणी वाटली. प्रत्येकात आपल्या हातानं मीठ घातलं. मग मी आणलेले चीजचे दोन डबे फोडून थोडं आत मिसळलं, बाकीचं किसून वर पसरलं. चीज त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हाताळलं होतं. ते मुळातच खारट असतं हे त्यांना कुणी सांगणार? मी. आणि मला तेव्हा ते सुचलंच नाही.

मावशी लुगडं बदलायला गेल्या तेव्हा मी कोपऱ्यातून चमचाभर काढून तोंडात टाकलं. जीभ आखडली. अजून दोन तास होते. चार बटाटे उकडून मिसळले असते तर निभावलं असतं. पण सांगायचं म्हणजे चाखलं हे कबूल करायचं, आणि मग म्हशींनीच पार्टी केली असती. मी घाबरले. भाजल्यावर उतरेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि कोपऱ्यावर चीज सारखं केलं.

साहेबांकडे ओव्हनमधून भांडं निघालं तेव्हा वर सोनेरी पापुद्रा आला होता. सगळे "अरे वा" म्हणाले. मग एकेकानं घास घेतला आणि पाण्याचे ग्लास उचलले. बाई सभ्य होत्या. "आयडिया छान आहे" म्हणाल्या. भांडं जवळजवळ भरलेलंच आत आलं. मावशींनी ओट्याशी उभं राहून त्यात बोट घातलं, जिभेला लावलं आणि नळाखाली हात धुतले. रिक्षात त्यांनी भांडं मांडीवर घेतलं, मी ओव्हन.

कॅन्टीन दुसऱ्याला गेलं. पुढच्याच महिन्यात राऊळांनी खोली सोडली. एस.टी.त ट्रंक चढवून झाल्यावर काका आत बसले. मावशी खिडकीशी होत्या. मला राहवेना. मी म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी चाखलं होतं. खारट झालंय हे मला माहीत होतं."

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "कोपरो सारवललो दिसलो माका."

"मग टाकून का नाही दिलंत?"

मावशींनी खिडकीतून हात काढून माझ्या गालावर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"उष्टा मी कदी कोणाक वाढूक नाय गो. पण म्हटलंय, चेडवान चाखल्यान आणि गप ऱ्हवला, म्हंजे बरा जाला आसतला. म्हणान न्हेलंय."